अठरा वर्षांचा हेलकावा

दुपारी सव्वातीनला वाळूजच्या कारखान्यातली वीज गेली. संगणकाच्या खोलीत सूर्यभाननं बॅटरीच्या जोरावर आपला समुद्र तेवढा जपून ठेवला, मशीन बंद केली आणि तो खिडकीशी जाऊन बसला. १९९४ चा जानेवारी नुकताच लागला होता.

हे रोजचंच होतं. नामांतराच्या आंदोलनात विद्यापीठ वरचेवर बंद राही, विभागातली मशीन हाताला लागत नसे. म्हणून मार्गदर्शक सर्जेराव सरांनी ओळखीनं इथं सोय लावून दिली होती. सूर्यभान करमाडच्या मेंढपाळाचा मुलगा. प्रबंध समुद्रावर, आणि समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता.

गणितासाठी समुद्राचे चौकोन पाडले होते. एकेक चौकोन औरंगाबादपासून नांदेडपर्यंत जाईल एवढा. त्यांच्या पोटातले लहान भोवरे गणिताला दिसत नसत, पण प्रवाहाला ढकलणारे तेच. म्हणून दर पावलाला मशीन सोडतीसारखा एक आकडा काढी आणि तेवढा धक्का पाण्याला देई. अशा धक्क्यांनी मोठा प्रवाह दर अठरा वर्षांनी हेलकावतो, हा सूर्यभानचा शोध. प्रबंध सादर झाला होता. पंधरा तारखेला तोंडी परीक्षा होती. परीक्षकांनी विचारलंच तर हाताशी असावी म्हणून तो आकडेमोड आणखी पुढं नेत होता.

वीज आली. छापून येणाऱ्या कागदावरची पहिली ओळ त्यानं सहज वाचली आणि तो थबकला. सकाळचा कागद शेजारी ठेवला. धक्क्यांचे आकडे तेच होते, एकामागून एक, त्याच क्रमानं.

उलगडायला वेळ लागला नाही. वीज जाताना तो पाण्याची अवस्था जपून ठेवी. सोडत कुठवर आली ते ठेवत नसे. मशीन सुरू झाली की सोडत पुन्हा पहिल्यापासून. वीज ठरल्या वेळी जाई, आणि दोन भारनियमनांच्या मधे समुद्राची अठरा वर्षं उरकत. म्हणून तेच धक्के दर अठरा वर्षांनी परत येत.

त्यानं चूक दुरुस्त केली आणि सारं पुन्हा चालवलं. हेलकावा गेला. प्रवाह नुसता थरथरत पडून राहिला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला.

“परीक्षकांना वाळूजची वीज ठाऊक नाही,” ते म्हणाले.

“मला ठाऊक हाय ना, सर.”

“सहा वर्षं गेली तुझी. आणखी किती घालवशील? मी जूनला निवृत्त होतोय. माझ्यामागं तुला दारात तरी कोण उभं करील?”

सर खोटं बोलत नव्हते.

करमाडला त्याची आई, बानाबाई, वाट पाहत होती. पोरगा डॉक्टर होणार म्हणताना गावानं दवाखाना कुठं टाकणार असं विचारून तिला भंडावलं होतं. तो पाण्याचा डॉक्टर हाय, असं ती ठणकावून सांगे. जेवायला वाढताना तिनं विचारलं, “बरं झालं का रं तुझं पाणी?”

“नाय, माय.”

“मंग?”

“त्याला काय झालंच नव्हतं.”

ती हसली. तो हसला नाही, तेव्हा तीही थांबली.

चौदा तारखेला विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली. सूर्यभान या मागणीसाठी पूर्वी मोर्चात चालला होता. क्रांती चौकात माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. अनोळखी म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडात पेढा घातला. पेढा गिळून तो फोनच्या बूथमध्ये शिरला आणि चूक सांगून टाकायला पुण्याच्या परीक्षकांना फोन लावला. इतका बंदोबस्त असताना आपण उद्या येत नाही, असं परीक्षक म्हणाले. पुढची तारीख विद्यापीठ कळवील. प्रबंध मात्र आवडला, विशेषतः हेलकाव्याचं प्रकरण.

“आणखी काही?” त्यांनी विचारलं.

बाहेर घोषणा चालू होत्या. सूर्यभाननं काचेचं दार ओढून घेतलं.

“नाही, सर,” तो म्हणाला.

जानेवारी संपला तरी नवी तारीख लागलेली नव्हती. सूर्यभाननं प्रबंध मागं घेतलेला नव्हता.