प्रायोगिक तत्त्वावर मंजूर

आश्रुबा गुरुजींनी काउंटरवर अर्ज ठेवला, अर्जावर अंगाचा साबण ठेवला आणि म्हणाले, "पोच द्या."

रांगेतली मागची बाई वैतागून दुसरीकडे गेली. तिसऱ्या नंबरच्या काउंटरवरच्या संघप्रियाने नेहमीप्रमाणे मॅनेजरला हाक मारली. गुरुजींचा हा पाचवा बुधवार होता. ताडकळसहून सकाळच्या एसटीने परभणीला यायचं, या मोठ्या मार्टात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि परत जायचं. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या या माणसाचा ठाम समज होता, की जगात काम अडतं ते अर्ज नीट लिहिलेला नसतो म्हणून. अर्जात मागणी एकच: आपल्या कंपनीच्या देशभरातल्या सर्व दुकानांत मोबाइलवरचं कॉइन पैसे म्हणून स्वीकारण्यात यावं. निवृत्तीचे अकरा लाख त्यांनी त्या कॉइनमध्ये घातले होते. मोबाइलात त्याचे एकोणीस लाख दिसत होते. दिसत होते, एवढंच.

"तुमच्यासारख्या मोठ्या दुकानानं घेतलं की समदे घेतील, साहेब," गुरुजी मॅनेजर महारुद्रला समजावू लागले. "आमच्या मंडळी म्हनतात, ज्या पैशानं साबन येत न्हाई तो पैसा कसला? साबन आणून दाखवा, मग गुडघ्याच्या ऑपरेशनची एफडी मोडून देते. साडेतीन लाख हायेत. आता लावले तर वर्षात दोन्ही गुडघे होऊन वर पैसे उरत्यात."

हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. आम्हाला ठाऊकच नव्हतं, असं नंतर म्हणायची सोय कुणाला उरली नाही.

आधीच्या चार अर्जांवर महारुद्रने गोदामाचा 'माल मिळाला' असा शिक्का मारून दिला होता. गुरुजींनी ते अर्ज फायलीला लावले होते; शिक्का तो शिक्का. पण आज महारुद्र वेगळ्याच रंगात होता. कालच त्याने स्वतःच्या मोबाइलवर कॉइनचं खातं उघडून ठेवलं होतं, आणि दोन पोरांना व्हिडिओ काढायला उभं केलं होतं.

"गुरुजी, नशीबवान आहात. मंजुरी आली," असं म्हणून त्याने अर्जावर 'प्रायोगिक तत्त्वावर मंजूर' असं लिहून झोकात सही केली.

गुरुजी आपल्या मोबाइलवरून त्याच्या खात्यात साबणापुरतं कॉइन पाठवू लागले. दोनदा बोट चुकलं. तिसऱ्यांदा महारुद्रचा मोबाइल वाजला. त्याने काउंटरखालून चाळीस रुपये संघप्रियाकडे सरकवले.

"रोखीत घे," तो हळूच म्हणाला. "चाळीस रुपयांत एवढी करमणूक थेटरातबी मिळत न्हाई."

साबण हातात आला तरी गुरुजी हलले नाहीत. त्यांनी संघप्रियाकडे पाहिलं. चौथीत असताना तिला त्यांनीच स्कॉलरशिपला बसवलं होतं, फॉर्मचे पैसे आपल्या खिशातून भरून.

"तू सांग, संघप्रिया. खरंच घेतलं का गं?"

महारुद्र तिच्याकडे बघत होता. महिनाअखेरीला तिला कायम करायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. शिवाय गुरुजी इतके खूश दिसत होते, की त्यांच्या तोंडावर नाही म्हणवेना. त्यात भीती किती आणि माया किती, हे तिने पुढेही कधी नीट तपासलं नाही.

"हो, गुरुजी," ती म्हणाली.

गुरुजी गेल्यावर पोरं पोट धरून हसली. व्हिडिओ मार्टाच्या ग्रुपवर फिरला. संघप्रियाही थोडी हसली, कारण न हसणारा माणूस लगेच उठून दिसतो.

पुढच्या बुधवारी गुरुजी बायकोला घेऊन आले. मालनबाई दारातल्या पायऱ्या नवऱ्याच्या खांद्याला धरून चढल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्यांना बघताच महारुद्रला गोदामात काम आठवलं.

"तू बस. आज समदा किराणा कॉइनवर," असं म्हणत गुरुजी ट्रॉली घेऊन आत गेले.

वॉचमनने दिलेल्या स्टुलावर बसून मालनबाईंनी काउंटरकडे तोंड केलं.

"तू नागसेनची लेक ना?"

"हो, काकू."

"साबन तर ते रोखीनंबी आणतील. शिक्क्याचं मला सांगू नको, जलमभर शिक्केच बघितले मी. पर ते म्हनले, संघप्रियानं सांगितलं. तवा मी मानलं." त्या जरा थांबल्या. "आता मला सांग. घेतात का इथं?"

संघप्रियाने गोदामाच्या दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तिने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं: चाळीस रुपये, व्हिडिओ, पोरांचं हसणं. बोलता बोलता तिला हलकं वाटायला लागलं. उशिरा का होईना, आपण एक चांगलं काम करतोय असंही वाटलं.

"एफडी मोडू नका, काकू."

मालनबाईंनी गुडघ्यावरचा पदर नीट केला.

"शुक्रवारीच मोडली," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी लावले त्यांनी."

तेवढ्यात गुरुजी आले. ट्रॉलीत तेल होतं, तूरडाळ होती, आणि वर गुडघे शेकायची रबरी पिशवी होती.

संघप्रियाने तोंड उघडण्याआधीच मालनबाई म्हणाल्या, "आज मशीन बंद हाय म्हनं. जा, समदं जागच्या जागी ठेवून या."

गुरुजी खट्टू झाले. पण मशीनपुढे कुणाचं काय चालतं? त्यांनी ट्रॉली वळवली.

"काकू, मी सांगते त्यांना. माफी मागते."

"न्हाई." मालनबाईंचा आवाज चढला नाही. "मोबाइल बघून रोज सकाळी हसत उठायलेत ते. हे कळलं तर विहीर जवळ करतील. माझे गुडघे गेले ते गेले, मानूस तर राहू दे."

"पण ते दर बुधवारी येतील. दरवेळी काय सांगू मी?"

"सुरू तूच केलंस," मालनबाई म्हणाल्या. "आता सांगत बस. ते असस्तोवर."

संघप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. मालनबाईंनी ते पाहिलं, आणि त्याची काही दखल घेतली नाही.

रिकामी ट्रॉली लावून गुरुजी परत आले.

"कधी चालू व्हईल गं मशीन?"

"कंपनीला कळवलंय," संघप्रिया म्हणाली. "पुढच्या बुधवारी बघा, गुरुजी."

"बघ, मी म्हनलं न्हवतं? लेकरू लय गुनी हाय," गुरुजी बायकोला म्हणाले.

"हाय की," असं म्हणून मालनबाईंनी त्यांचा खांदा धरला आणि पहिली पायरी उतरायला घेतली.