अर्ध्या हौदापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. ट्रकच्या टायरच्या आत असते ना, काळी, रबराची, तीच. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तुम्ही ऐकायला बसलाच आहात, म्हणून सांगते.

कारखान्यात गरम साच्यात दाबून मला गोल केलं आणि उजेड नीट पाहायच्या आत टायरमध्ये घातलं. पुढची सात वर्षं मी अंधारात काढली. आमचा ट्रक नाशिकहून कल्याणच्या बाजारात कांदे आणायचा. घाट आला की मी तापायचे, एवढंच मला घाटाबद्दल ठाऊक. रस्ता रस्ता म्हणतात तो दिसतो कसा, हे मी कायम मनाशी विचारायचे. जगनकाका ट्रक चालवायचे. पहाटे ते टायरला लाथ मारून म्हणायचे, "शाब्बास रे!" शाबासकी टायरला असायची. आत मी आहे, हे पंक्चर झाल्यावरच आठवायचं. चार वेळा आठवलं. चार ठिगळं आहेत माझ्या अंगावर.

मग ट्यूब न लागणारे टायर आले. मी खडवलीच्या नामाच्या पंक्चरच्या दुकानात खिळ्याला टांगली गेले. दोन वर्षं कोणी हात लावला नाही. पण खोटं कशाला बोलू, तिथून रस्ता दिसायचा आणि मला तेवढ्याचंही अप्रूप होतं.

एका मे महिन्यात स्वप्नाताई आल्या. गावाबाहेरच्या एका शेतावर त्या मुलांचं उन्हाळी शिबिर घेतात. मोहने, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींतली आणि खाडीकाठची मुलं. ज्यांना सुट्टीत कुठे जायला नसतं, अशी. नामाने माझ्यात हवा भरली आणि ताईंनी मला शेतावर नेऊन पाण्यावर ठेवलं. मी तरंगले! आपल्याला हे येतं, हे मला माहीतच नव्हतं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांची वजनं केली, खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे," हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. मग रोज नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, अंडी. अनिश नावाच्या मुलाने विचारलं, "ताई, दुसरं अंडं मागितलं तर चालतं?" चालतं म्हटल्यावर त्याने तीन खाल्ली.

शेतावर सिमेंटचा मोठा हौद होता; एका बाजूला कमरेएवढा, दुसऱ्या बाजूला खोल. यज्ञेशदादा पोहायला शिकवायचे. त्यांनी विचारलं, "कोणाला येतं पोहायला?"

कोणाचाच हात वर आला नाही. अनिश म्हणाला, "हिला येतं. कोळ्याची आहे ही."

ही म्हणजे भाविका, कल्याणच्या खाडीकाठची, अकरा वर्षांची. तिने खोल बाजूकडे एकदा पाहिलं आणि ती म्हणाली, "हो. येतं."

"मग तुला ट्यूब नको," दादा म्हणाले. "तू खोल बाजूला."

त्या दिवशी तिचं पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी केस धुतले होते. तिसऱ्या दिवशी ती काठावर पाय सोडून बसली, एक हात माझ्यावर ठेवून. तो हात थंडगार होता. उन्हात बसलेल्या मुलीचा हात थंड का, याचा मी फार विचार केला. संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन आला. स्पीकरवर सगळ्यांना ऐकू गेलं, "काय गं बाय, शिकवतेस ना सगल्यांना पवायला? शेवटच्या दिवशी येतो बघायला!"

चौथ्या दिवशी अनिश उथळ बाजूला माझ्यात बसून ओरडला, "काय मासळीबाई, पाण्याची अ‍ॅलर्जी झाली काय?"

भाविका उठली, तरातरा खोल बाजूला गेली आणि तिने उडी मारली.

ती वर आली नाही. मग एक हात वर आला, पुन्हा गेला. मला स्वतःहून हलता येत नाही, मित्रांनो. त्या वेळी मला त्याचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं कधीच वाटलं नव्हतं. पण अनिश माझ्यातून उतरला आणि त्याने मला जोरात ढकललं. भाविकाने मला घट्ट मिठी मारली, तोवर दादाही पोचले.

काठावर ती खूप खोकली. दादा तिच्यासमोर उकिडवे बसले. "चूक माझी आहे. मी तुला पाण्यात उतरवून पाहिलंच नाही."

"आमच्या खाडीत आता कोणी उतरत नाही," ती म्हणाली. "पाणी काळं झालंय. आबा सांगतो, आधी पोरं पवायची. दादा, बाबाला नका सांगू. मला लाज वाटते."

अनिशने तिला आपला टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवसापासून भाविका कमरेएवढ्या पाण्यात आली. आधी मला धरून पाय मारणं, मग एक हात सोडणं, मग तोंड पाण्यात. पहिल्यांदा तिने पाण्याखाली डोळे उघडले, तेव्हा वर येऊन ओरडली, "अरे, खाली सगळं हिरवं आहे!" मलाही खाली पाहावंसं वाटलं, पण मी पडले तरंगणारी. आठव्या दिवशी ती मला सोडून सात हात गेली. जेवताना तिने भाकरी मागून घेतली.

शेवटच्या दिवशी तिचे बाबा, महेंद्र, नवा शर्ट घालून आले. भाविका पाण्यात उतरली. अर्ध्या हौदापर्यंत गेली, थांबली, मला धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, मला पवायला येत नव्हतं. मी खोटं बोलले. आता अर्ध्यापर्यंत येतं."

महेंद्र चपला काढून हौदाच्या काठावर बसले. मग हळूच म्हणाले, "मलापण नाय येत, बाय. कधीच नाय आलं. होडीत बसायचो, देवाचं नाव घ्यायचो."

कोणी हसलं नाही. भाविका तेवढी खुदकन हसली. "मग ये ना. उथळ आहे इकडे."

आता मी पडवीत टांगलेली असते. मित्रांनो, ट्यूब उन्हात टाकू नका, रबर तडकतं. आणि कोणाला काय येतं, हे त्याच्या घराण्यावरून ठरवू नका; त्याला विचारा, आणि 'नाही येत' म्हणाला तर हसू नका. एवढं सांगायचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. पण त्या दुपारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक मोठा माणूस मला दोन्ही हातांनी धरून पाण्यात उभा होता, आणि त्याची मुलगी त्याला सांगत होती, "घाबरू नको, बाबा. आधी पाय मार."