कचराखोलीशेजारचा ऑटोक्लेव्ह

मित्रांनो, महाळुंग्याच्या एका लहान रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात जे स्टीलचे मोठे पिंप दिसते, ते म्हणजे मी. मी एक जुना ऑटोक्लेव्ह आहे. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि कपडे वाफेवर जंतुमुक्त करणे हे माझे काम होते.

भोसरीच्या एका शेडमध्ये अजीजमिस्त्रींनी मला घडवले. इथे आलो तेव्हा आजूबाजूला कारखाने वाढत होते. कोणाचे बोट प्रेसखाली सापडायचे, कोणाचा तळवा पत्र्याने चिरायचा. त्यांना टाके घालणारे चिमटे आधी माझ्या वाफेतून जायचे. विजयश्री सिस्टर हिरव्या चादरी नीट घड्या करून माझ्यात रचायच्या. नव्या नर्सना त्या अभिमानाने सांगायच्या, "हा कधी रजा घेत नाही हं!"

सिस्टर निवृत्त झाल्या. डॉक्टर नागसेन रुग्णालयाचे प्रमुख झाले. माणूस सज्जन, पण कायम घाईत. त्यांनी चादरी, गाऊन, वाट्या, सगळेच एकदा वापरून टाकायचे मागवले. सुया आणि सिरिंज तशाच हव्यात, ते योग्यच होते. बाकीच्यांची मात्र गरज नव्हती. दोघांनी मला ढकलत कचराखोलीच्या भिंतीला लावले. "राहू दे इथं, नंतर बघू," एक जण म्हणाला. ते 'नंतर' चार वर्षे आलेच नाही.

वरच्या मजल्यावरून कचऱ्याच्या पिशव्या मात्र येत राहिल्या. आधी दिवसाला पाच, मग पंधरा. त्या उचलायला एकट्या शालनबाई. दुपारी त्या माझ्या सावलीला बसून भाकरी खायच्या. चार वर्षांत मला तेवढीच सोबत होती.

एका सकाळी पिवळी पिशवी उचलताना त्या एकदम ओरडल्या. हातमोज्यातून सुई आरपार बोटात गेली होती. सुया टाकायचे जाड डबे संपले होते. वॉर्डने दोनदा मागणी केली होती, पण तो कागद डॉक्टर नागसेनांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता.

शालनबाईंना तासाभरात औषध सुरू झाले. सुईतून एखाद्या रुग्णाचा आजार तर आला नाही ना, हे पाहायला रक्ताच्या तपासण्या सहा महिने चालणार होत्या. तेवढ्यात कुजबुज सुरू झाली. कोणी त्यांच्या हातचा पेला घेईना. त्या माझ्याशेजारी डबा उघडायच्या आणि न खाताच बंद करायच्या. मला बोलता आले असते, तर किती बरे झाले असते!

तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः खाली आले. कचराखोलीच्या दारात त्यांनी नाकाला रुमाल लावला, मग काढून खिशात ठेवला.

"शालनबाई, इतकं साचतं, हे मला ठाऊकच नव्हतं."

"कसं ठाऊक असंल सायेब? वरनं पिशवी येती. मानूस न्हाई येत."

 संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना तिथेच, त्या आवारात बोलावले. ती सुई ज्या वॉर्डातून आली, तिथल्या नर्सला नोटीस मिळणार असे सगळे धरून चालले होते. ती रडवेली होऊन उभी होती.

"चूक तिची नाही, माझी आहे," डॉक्टर म्हणाले. "सही मी केली नाही. कचरा मी वाढवला. आता रोज सकाळी मी आधी इथं येईन, मग वर जाईन."

आणि ते रोज आले. डबे आले. कापडी चादरी, स्टीलच्या वाट्या परत काढल्या गेल्या. मग माझी आठवण झाली! म्हातारे अजीजमिस्त्री टॉर्च घेऊन माझ्यात वाकले. चार वर्षांनी कोणीतरी माझे दार उघडले होते. माझा आनंद कसा सांगू?

मिस्त्रींनी तळावर बोटाने टकटक केली. 

"डॉक्टरसाब, ठेवताना आतलं पाणी काढलंच नाही कुणी. तळ गंजून पातळ झालाय. प्रेशर दिलं तर फुटेल हा."

"दुरुस्त होणार नाही?"

"वेळेवर बोलावलं असतं तर झाला असता."

डॉक्टरांनी माझ्यावर हात ठेवला. "म्हणजे यालाही आम्हीच घालवलं," ते म्हणाले. माझ्या जागी नवा ऑटोक्लेव्ह आला. तो चालतो तेव्हा वरून वाफेचा आवाज येतो. मी ऐकत राहतो. पिशव्या आता पाच-सहाच येतात.

सहा महिन्यांनी डॉक्टर कागद घेऊन धावतच खाली आले. "शालनबाई, काही नाही! सगळं चांगलं आहे!" शालनबाई पदरात तोंड घालून रडल्या. मागून ती नर्स आली. "मावशी, वर चला. जेवायला थांबलोय सगळे."

त्या दिवसापासून शालनबाई वरच जेवतात. माझ्या सावलीला आता कोणी बसत नाही.

मित्रांनो, एखादे यंत्र बाजूला ठेवाल तेव्हा आतले पाणी तेवढे काढा. आणि हातातली वस्तू टाकण्याआधी क्षणभर थांबा. तुम्ही ती टाकता, पण उचलणारा हात दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. कधी खाली येऊन त्या माणसाला जेवायला बोलवा. मला करमत नाही, हे खरे. तरी शालनबाईंनी पुन्हा इथे एकटे जेवायला बसावे, असे मला एकदाही वाटलेले नाही.