दुसरी रेघ

दोन वाणांचे मशरूम जुळवून तिसरं वाण काढायचं, हे तिचं काम. पण हा मशरूम मेला भलता आडमुठा. जोडीदार शेजारी दिला तरी एकट्यानेच पोरं काढून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक पोराचा डीएनए तपासायचा. दोन्ही वाणांच्या रेघा दिसल्या तर संकर खरा, एकच दिसली तर मेहनत पाण्यात.

जांभळ्या दिव्याखाली प्रत्येक पोराच्या रकान्यात आजही एकेकच रेघ होती. शेवटच्या रकान्यात मात्र दोन्ही लखलखल्या. तिच्या आंबलेल्या पाठीत बळ आलं आणि तसंच गेलं. तो रकाना पडताळणीचा होता. त्यात दोन्ही वाणांचा डीएनए सकाळी तिनेच एकत्र करून भरला होता.

ती स्टुलावर मटकन बसली. तेवढ्यात आईचा फोन आला.

"जमलं का गं तुझ्या मशरूमचं लग्न?"

"कसलं जमतंय! सगळी पोरं एकट्या आईवर गेलीत, बापाचा पत्ता नाही. देते आता टाकून."



"पत्ता तर तुझ्या बापाचाही नव्हता," आई म्हणाली. "मी टाकलं का तुला?"