मधल्या आवाजाची वही

मी वही बोलतेय, तीही मधल्या आवाजाची. ऑपेरात मरणारा माणूससुद्धा पंधरा मिनिटं गातो. माझं नशीब तेवढं थोर नाही. मी रेक्विएमची, म्हणजे गेलेल्यांसाठी उरलेल्यांनी चार आवाजांत गायच्या गाण्याची. त्यात चाल वरच्या आवाजाकडे, वजन खालच्याकडे. आम्ही मधली जागा भरायची.

माझ्या तिसऱ्या पानावर एक जाड आडवी रेघ आहे, वर ४१ हा आकडा. अर्थ असा की एक्केचाळीस घरं, म्हणजे तालाची तेवढी आवर्तनं मोजत गप्प राहा, बाकीचे गाताहेत.

माझी मालकीण टायपिस्ट. ऑफिस सुटलं की शाळेच्या रिकाम्या वर्गात चौघं जमत : ती, तिची नणंद, एक पोस्टमन आणि एक चष्मेवाला. नणंदेचा आवाज वरचा, त्यामुळे नाकही वर.

“वहिनी, तुझ्या ओळीला चाल कुठंय गं? नुसतं दळण!”

“तुमची चाल माझ्याच खांद्यावर उभी असते, वन्सं.”

चौघांनी ठरवलं होतं, जो जाईल त्याच्यासाठी उरलेल्यांनी हे पुरतं गायचं. माणसं असे ठराव एकमताने करतात आणि शेवटी कोण उरेल, हे विचारत नाहीत.

आधी पोस्टमन गेला, तिघांनी गायलं. मग चष्मेवाला, दोघींनी. गेल्या महिन्यात नणंद.

अंत्यविधीला मालकिणीने मला उघडलं. पहिली दोन पानं नीट गेली. म्हणजे एकच सूर, बावीस वेळा. मग ती रेघ आली. मालकीण थांबली आणि बोटांवर मोजू लागली. लोक चुळबुळले. कुणी खोकलं. नणंदेचा मुलगा वाकून म्हणाला,

“मामी, झालं का? गाडी थांबलीय.”

“थांब रे. अजून सतरा आहेत.”

“काय सतरा?”

“तुझी आई गातेय.”

त्याने तिला हळूच खुर्चीत बसवलं. वय झालं, असं लोक नजरेनेच बोलले. गाडी निघाली, तेव्हा सहा घरं उरली होती.

आता मी खणात आहे, औषधांच्या चिठ्ठ्यांखाली. मालकीण मला उघडत नाही. तिच्या वेळी कुणी गाणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

कधी तुमच्या हाती लागले, तर माझ्यात चाल शोधू नका, ती नाहीच. फक्त त्या रेघेपाशी जरा थांबा. सहा मोजायची राहिलीत.