मिठाला टिकणारी वाटी

तिसरी वाटीही त्याच घरातून परत आली, तेव्हा विश्वजीतसरांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शिवांजली, आता चूलच परत आणू या. त्या बाई चूल वापरतायत की तिच्याशी भांडतायत, कळत नाही."

माधवनगरला एका बंद पडलेल्या कापड गिरणीच्या शेडमध्ये आमचा छोटा कारखाना आहे. तिथे घरगुती चुली बनतात. चूल म्हणजे पत्र्याचा उभा डबा, त्याच्या पोटात स्टीलची वाटी आणि खाली एक लहान पंखा. उसाच्या चिपाडाचा आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या वाटीत घालायच्या, पेटवायच्या, पंखा लावायचा. वाटीला बारीक भोकं असतात. त्यांतून हवा आत येते आणि धूर जवळजवळ होतच नाही. या सगळ्यात खरा ताप सोसते ती वाटी. दोन वर्षं तरी तिला काही होऊ नये अशी आमची अपेक्षा असते. ही मात्र एक पावसाळाही काढू शकली नव्हती.

मी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. तळाची भोकं एकमेकांत मिसळून मोठं खिंडार पडलं होतं. कडेला नख लावलं की पापडासारखा काळा पापुद्रा सुटत होता. नुसत्या उष्णतेने स्टील वाकतं, निळं पडतं, त्याचे असे पापुद्रे निघत नाहीत. याला काहीतरी खात होतं.

"सर, त्याच स्टीलच्या वाट्या शेजारच्या घरांत ठणठणीत आहेत," मी म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय ना. वापरात चूक आहे. ते घर चाचणीतून काढून टाकू. तू जा आणि चूल घेऊन ये."

"जाते. पण कारण कळल्याशिवाय चूल आणणार नाही."

सर हसले. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि कारण हा शब्द मी फार वापरते, असं त्यांचं म्हणणं आहे.

मेढ्याहून वर डोंगरात ते गाव आहे. घर बनुबाईंचं. त्यांचा मुलगा वीरधवल फौजेत, घरी त्या आणि सून राजनंदिनी. गॅसची टाकी आहे, पण पावसात ती वरपर्यंत चढत नाही, आणि आंघोळीचं पाणी, भाकऱ्या, म्हशीचं आंबोण असलं गॅसवर कोणी करतही नाही. म्हणजे एरवी लाकडं आणि धूर. राजनंदिनी दारात आली तेव्हा तिच्या हातात दम्याचा पंप होता.

"आता कमी लागतो, ताई," ती म्हणाली. "ही चूल आल्यापास्नं. मदी वाटी फुटली, तवा आठ दिस लाकडावर केलं, तर लगीच छाती भरली. डॉक्टर म्हणाला, परत धुरात बसलीस तर माझ्याकडं येऊ नगं."

बनुबाई आतून ओरडल्या, "आली का गं चूल न्यायला?"

"न्यायला नाही, मावशी. बघायला."

"बघ की. तुमचं लोखंडच पाणचट हाय. आन् वर आमाला इचारताय."

मी तरीही विचारलं. वाटी तापलेली असताना पाणी ओतता का? "मी काय खुळी हाय?" उलथन्याने ठोकून राख काढता का? "न्हाई." प्लास्टिक, कचरा? यावर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की पुढचा प्रश्न मी गिळला.

"आगीत घाण घालत न्हाईत, पोरी. तुमच्या कारखान्यात घालत असतील."

राजनंदिनी तोंडाला पदर लावून हसली. मी त्यांच्या चुलीत सोबत आणलेली नवी वाटी बसवली आणि खाली साचलेली राख पुडीत घेतली. शेजारी हरणाबाईंच्या घरी तीच चूल, त्याच कांड्या आणि नव्यासारखी वाटी होती. तिथलीही राख घेतली आणि सांगलीची वाट धरली.

कॉलेजमधल्या माझ्या जुन्या प्रयोगशाळेत दोन्ही राखा पाण्यात कालवून गाळल्या. दोन्हींत थोडं आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. हरणाबाईंच्या राखेचं पाणी जरासं दुधाळ झालं. बनुबाईंच्या नळीत मात्र दही लागल्यासारखा पांढरा गठ्ठा तळाशी बसला. क्लोराइड होतं, आणि भरपूर. ते कांड्यांतून आलं असतं तर शेजारीही दिसलं असतं. पुढे पाहिलं तर सोडियमही तितकंच. झाडापाल्याच्या राखेत पोटॅशियम पुष्कळ असतं, सोडियम नावाला. सोडियम आणि क्लोराइड जोडीने आले म्हणजे ते आपलं रोजचं मीठ. स्टीलच्या अंगावर क्रोमियमचं एक पातळ कवच असतं, त्याच्या जिवावर ते आगीत टिकतं. लालभडक स्टीलवर मीठ पडलं की ते कवच तुटतं, आणि मग आग पत्रा खात सुटते.

कारखान्यात येऊन मी सरांसमोरच फोन लावला. "मावशी, चुलीत मीठ पडतं का?"

"मीठ? मीठ ही काय जाळायची वस्तू हाय? लक्ष्मी असती ती. कसली शिकलीस गं तू!" आणि फोन बंद.

"खोटं बोलतायत," सर म्हणाले.

मला तसं वाटत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस इतका दुखावत नाही. पण राखही खोटं बोलत नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तर एकच उरत होतं, की माझा प्रश्न चुकतोय. म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, नुसतं बसायचं, असं ठरवून मी पुन्हा मेढ्याची एसटी धरली आणि बनुबाईंकडे मुक्कामाला राहिले.

"राहा की," त्या म्हणाल्या. "पर भाकरी थापायला लावीन."

मी थापलेल्या भाकरीला कोपरे आले. बनुबाईंनी ती म्हशीला घातली. चूल व्यवस्थित चालली होती. कांड्या मोजक्या घातल्या होत्या, पंखा बरोबर होता, राख थंड झाल्यावर काढली जात होती. आमच्या माहितीपत्रकात जे लिहिलं होतं, ते सगळं या दोघी आमच्यापेक्षा नीट करत होत्या.

दिवेलागणीला फोन वाजला. वीरधवलचा व्हिडिओ कॉल. अंगात जाड कोट, मागे बर्फ.

"आये, जेवली का?"

"जेवीन रं. तू टोपी घाल आदी."

थोडं बोलणं झालं, आणि बनुबाई उठल्या. फडताळातल्या डब्यातून त्यांनी ओंजळभर खडेमीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या. राजनंदिनीने मोबाईल समोर धरला. बनुबाईंनी मूठ पडद्यावरून फिरवायला सुरुवात केली.

"आल्यागेल्याची, घरच्यादारची, कुनाची नजर लागली आसंल, तर जळून जाऊ दे."

"आये, हळू. मोबाईल पाडशील," पडद्यातून वीरधवल म्हणाला, पण तो हलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. मूठ फिरवून झाली आणि बनुबाईंनी ती सरळ पेटत्या वाटीत टाकली. मीठ तडतडलं. ज्योत पिवळीधमक झाली.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "हे रोज करता?"

"पोराचा फोन आला की. त्येच्या संगतीचं एक पोर बर्फात गाडलं गेलं, तवापास्नं चुकवलं न्हाई."

"मी मीठ पडतं का विचारलं होतं, मावशी."

"त्ये मीठ व्हय?" त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "ती दिष्ट हाय."

मी सगळं सांगितलं. स्टीलचं कवच, मीठ, भोकं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. दृष्ट खरी की खोटी, याबद्दल मी एक शब्द काढला नाही. मी राख तपासायला आले होते. मग मी सुचवलं, की मूठ ओढ्यात सोडली तर? दारात वेगळ्या खापरात जाळली तर? पेटत्या कांडीचा निखारा बाहेर काढून त्याच्यावर टाकली तर?

"न्हाई. ज्या जाळावर घरातलं शिजतं, त्येच्या पोटातच गेली पायजे. माझ्या सासूनं तसंच केलं, तिचा दीर दोन लढायांतनं परत आला." बनुबाईंचा आवाज चढला नव्हता. "तुझं खरं आसंल, पोरी. वाटी जळत आसंल. मग चूल घेऊन जा. मी मूठ थांबवनार न्हाई."

मी राजनंदिनीकडे पाहिलं. चूल गेली तर धुरात ती बसणार होती. ती काहीतरी बोलेल, सासूला समजावेल असं मला वाटलं.

"ताई, मी खोकीन," ती म्हणाली. "पर हे बंद करा, आसं माझ्या तोंडातनं येनार न्हाई. तिकडं माझा नवरा हाय."

बनुबाईंनी तोंड फिरवलं. बराच वेळ त्या राख नसलेल्या जागी राख गोळा करत राहिल्या.

सकाळी मी रिकाम्या हाताने निघाले. चूल तिथेच ठेवली.

"कारण सापडलं ना?" सर म्हणाले. "मग झालं. वापरात चूक."

"चूक कसली, सर? सगळं आपण सांगितलं तसंच करतायत. घरात चूल ठेवायची तर घरात जे होतं ते तिने सोसायला हवं. उद्या आपण ही चूल हजार घरांत देऊ. त्यातल्या किती घरांतली माणसं लांब असतील?"

"आणि वाटी कशाची करायची? सोन्याची?"

"ते मी बघते. तोवर ते घर काढू नका."

सरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर बनुबाईंकडे मी दोन जादा वाट्या पाठवून ठेवल्या, म्हणजे लाकडांवर यायला नको.

वाट्या बनवणारे बादशहाभाई आधी जाड पत्र्याच्या मागे लागले. "जाड करू, मीठ किती खाईल?" दुप्पट जाड वाटी केली. ती दुप्पट दिवस टिकली, एवढंच. बिडाची केली; ती इतकी जड झाली की चूल एका बाजूला कलली, आणि गंज सुटला तो वेगळाच. शेडच्या कोपऱ्यात मी दिवसभर चूल पेटती ठेवून तासातासाला मूठ टाकत होते. नुसतं मीठ पुरलं असतं, पण चाचणी खऱ्यासारखी हवी म्हणून मोहरी आणि मिरच्याही. ठसक्याने अख्खी शेड खोकायची.

"बेटी, किसकी नजर उतार रही हो?" बादशहाभाई डोळे पुसत म्हणाले. "या कारखान्याची असेल तर चालू दे. नाही तर मिरच्या तरी थोड्या कमी कर."

स्टील सोडायचं, असं मी शेवटी ठरवलं. ज्याच्यात गंजायला काही नाही, असं काहीतरी हवं होतं. भट्टीची माती. पहिली वाटी सुकतानाच तडकली. दुसरी आगीत दुभंगली. बादशहाभाईंनी ओतकाम करणाऱ्या एका ओळखीच्याकडून भट्टीच्या फुटक्या विटा आणल्या. त्या कुटून, चाळून मातीत मिसळल्या. आधीच एकदा भाजलेला चुरा असला की माती कमी आकसते आणि ताप सोसते. हवेची भोकं ओल्या मातीत सायकलच्या तारेने पाडली. ही वाटी पेटली, थंड झाली, पुन्हा पेटली. मुठीमागून मुठी तिच्यात गेल्या. तळाला काचेसारखी पुसट चकाकी आली, बाकी काही नाही. मी ती स्वतः डोंगरावर नेऊन बनुबाईंच्या चुलीत बसवली.

दिवाळी सरल्यावर सर म्हणाले, "चल, मी स्वतः बघतो."

बनुबाई ओसरीवर होत्या. सरांना त्यांनी पाट दिला. चूल थंड होती. राजनंदिनीने वाटी उचलून राख झटकली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी ती उजेडात फिरवली आणि एका जागी थांबले. कडेपासून खाली करंगळीएवढी चीर गेली होती.

मी वाटी घेतली, टिचकी मारली. आवाज खणखणीत नव्हता, पण भोकं सगळी जशीच्या तशी होती, तळ अखंड होता. चीर पाहून मला आधी वाईट वाटलं आणि मग लगेच दिसलं, की ती सगळ्यात पातळ कडेला आहे. कड जाड ठेवायला हवी होती.

"गेली ना पण," सर म्हणाले.

"पाडव्याच्या आदी गेली ती चीर," राजनंदिनी म्हणाली. "तवापास्नं तेवढीच हाय. खाली सरकली न्हाई."

"रोज मीठ टाकता?"

"एक दिस चुकला न्हाई," बनुबाई मध्येच म्हणाल्या. "आन् चुकनार न्हाई. आधीच सांगते."

सर चिरेकडे पाहत राहिले. राजनंदिनीने माझ्या हातातून वाटी काढून घेतली, विचारलं नाही, चुलीत बसवली, कांड्या घातल्या, काडी ओढली आणि पंखा लावला. ज्योत धरली. तिने वर पातेलं ठेवलं आणि त्याच्यावर झुकून चहाची पूड टाकली. धुरामुळे मान मागे घेण्याची तिची सवय मोडली होती.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "चूल न्यायची आसंल तर आदी चहा तरी व्हऊ दे. आन् न्यायला मी देनार न्हाई."

बनुबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग दुधाचं भांडं पुढे सरकवलं.

सरांनी कप हातात घेतला. "कड किती जाड करावी लागेल?" त्यांनी मला विचारलं.

"दीडपट. मग भोकं जरा मोठी, नाहीतर हवा कमी पडेल."

"आणि हरणाबाईंना वगैरे?"

"सगळ्यांनाच मातीची, सर. कोण कधी मूठ टाकेल, आपल्याला काय माहीत?"

चीर पडलेली वाटी पेटतीच होती, म्हणून तिची मापं घ्यायला आम्ही ती थंड होईपर्यंत थांबलो.