मी, मयुरीच्या व्हॅनचा कंप्रेसर

मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता, एसीचं बटण दाबता आणि गार हवा येते. त्याच क्षणी इंजिनापाशी 'टक्' असा लहानसा आवाज होतो. तो आवाज माझा. सुरतेतल्या एका जुन्या पांढऱ्या व्हॅनचा मी कंप्रेसर आहे.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे पुढची हकिकत कळेल. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर माझं चाक फिरू लागतं, पण मी स्वस्थच असतो. चाकासमोर एक लोखंडी थाळी असते. बटण दाबलं की चाकामागच्या तारेच्या वेटोळ्यात वीज येते, त्याचं लोहचुंबक होतं आणि ते थाळीला ओढून चाकाला चिकटवतं. मग चाकाबरोबर मीही फिरतो, गॅस दाबून पुढे ढकलतो आणि गाडी गार होते. एरवी थाळी आणि चाक यांच्यात पोस्टकार्ड कसंबसं सरकेल एवढीच फट असते.

दक्षिणेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी आलो कामरेजच्या एका साडीवाल्या शेठकडे. त्यांचे बाहेरगावचे गिऱ्हाईक उन्हातून येऊन गाडीत बसत आणि म्हणत, "शेठ, गाडी तो मस्त ठंडी छे." माझं नाव कोणी घेत नसे, तरी मला फार बरं वाटे. पुढे शेठनी मोठी गाडी घेतली. आमची व्हॅन गोदामामागे निंबाच्या झाडाखाली उभी राहिली. थाळीवर गंज चढला. एका पालीनं माझ्या आडोशाला अंडी घातली. पिल्लं मोठी होऊन निघून गेली, तरी बटण दाबायला कोणी आलं नाही.

मग दगा नावाचा एक जण आला. पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये अर्धं आयुष्य काढलेला खानदेशी माणूस. त्यानं टायर पाहिले नाहीत, रंग पाहिला नाही. एकच विचारलं, "एसी चालतो का?"

त्याच्या मुलीसाठी त्याला तेवढंच हवं होतं. मयुरीच्या अंगाला जन्मापासून घाम येत नाही. तुम्ही उन्हात खेळलात की घाम येतो आणि अंग निवतं. तिचं निवत नाही. उन्हात ती तापतच जाते. लहानपणी तिची आई भागीरथी तिला ओल्या ओढणीत गुंडाळून शाळेत नेत असे. मी आल्यावर ओढणी कोरडी राहू लागली. दगा व्हॅन भाड्यानं चालवायचा, पण शाळा सुटण्याच्या वेळेला तो कुठलंच भाडं घेत नसे.

यंदा मयुरी दहावीला होती. परीक्षेचं केंद्र आलं कडोदऱ्याला. मार्च महिना, पेपर सुटायचा भर दुपारी. वर्गात बाईंनी तिला कूलरजवळची जागा दिली होती. प्रश्न होता तो घरी परतण्याचा.

पहिल्या पेपराला सकाळी जाताना मी छान चाललो. मग गाडी उन्हात उभी राहिली. दुपारी मयुरी येऊन बसली, दगानं बटण दाबलं. वेटोळ्यात वीज आली, चुंबक जागं झालं, त्यानं थाळीला ओढलं, पण थाळी हलली नाही. पंख्यातून भट्टीसारखी हवा येऊ लागली. त्यात रस्त्यावर ट्रकांची रांग.

"आबा," मयुरी हळूच म्हणाली, "मनं आंग तपी ऱ्हायनं."

दगानं उसाच्या रसाच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि बर्फ मागितला. दुकानदारानं बर्फाची अख्खी लादी फोडून दिली. मयुरीच्या मानेला बर्फ लावत, डोक्यावर पाणी ओतत तिला कसंबसं घरी आणलं. संध्याकाळपर्यंत ती डोळे मिटून पडून होती. मी सगळं ऐकत होतो, आणि मला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगा एका गॅरेजमध्ये गेला. सकाळच्या गारव्यात मी लगेच 'टक्' केलं. मेकॅनिक म्हणाला, "यात काही बिघाड नाही." दुसऱ्या गॅरेजवाल्यानं नुसतं ऐकून सांगितलं, "कंप्रेसर गेला. नवा मागवावा लागेल, आठवडा लागेल." गणिताचा पेपर तर उद्यावर आला होता.

व्हॅन दारात लावून दगानं दोन्ही गॅरेजवाल्यांचं म्हणणं घरात सांगितलं. मयुरीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "मी ओली ओढणी लीसन जासू," ती म्हणाली.

भागीरथी नवऱ्याला म्हणाली, "पोरले ताप नसतांना दवाखानामा नेतस का आपन? ताप ऱ्हास तव्हयच नेतस ना? मंग गाडीले बी भर दुपारले न्या."

दगा लगेच उठला. भागीरथीही सोबत निघाली. पांडेसऱ्यातच अमोलचं एसीचं दुकान आहे. तो वाशीमकडचा. दगानं त्याला सारं सांगितलं आणि गाडी मुद्दाम उन्हात तापू दिली. मग बटण दाबलं. मी गप्पच.

अमोलनं घाई केली नाही. त्यानं फ्यूज पाहिला, चांगला होता. गॅसचा दाब मोजला, बरोबर होता. माझ्या तारेला त्यानं छोटा दिवा लावला. दिवा पेटला.

"म्हणजे वीज याच्यापर्यंत येते," तो म्हणाला. "मग हा उठत का नाही?"

त्यानं दोघांना मागे सरायला सांगितलं, भागीरथीला पदर खोचायला लावला. मित्रांनो, फिरत्या पट्ट्याजवळ जाणं फार धोक्याचं असतं. ते काम जाणत्यानंच करावं. त्यानं लांब लाकडी दांडा घेतला आणि त्याच्या टोकानं माझी थाळी जराशी आत ढकलली.

टक्. मी फिरू लागलो. गार हवा आली.

अमोल हसला. "हा मेला नाही भाऊ. याचा हात पोहोचून नाही राहिला."

झालं असं होतं की इतकी वर्षं चिकटून-सुटून माझी थाळी झिजली होती. फट वाढली होती. वेटोळं गार असलं की चुंबकाचा जोर पुरत असे. तापलं की जोर कमी होई आणि थाळी लांबच राही.

इंजिन निवल्यावर अमोलनं थाळी खोलली. आत काही पातळ चकत्या होत्या. थाळी चाकाजवळ यावी म्हणून त्यातली एक त्यानं काढून टाकली, गंज घासला, थाळी पुन्हा बसवली आणि फट मोजायच्या पातळ पात्यानं ती तपासली. नवं काहीच लागलं नाही.

"आता पुन्हा उन्हात ठेवा," तो म्हणाला. "तापू द्या चांगला."

तापलेल्या गाडीत दगानं बटण दाबलं. टक्. बंद केलं, पुन्हा दाबलं. टक्. भागीरथीनं हवेच्या जाळीवर तळहात धरला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

गणिताचा पेपर देऊन दुपारी मयुरी बाहेर आली, तेव्हा दगाच्या कपाळावर घाम होता. तो उन्हाचा नव्हता. ती आत बसली. त्यानं बटण दाबलं. मी थाळी घट्ट धरली. मयुरीनं जाळीसमोर तोंड नेलं आणि म्हणाली, "आबा, भूमितीना शेवटला प्रश्न बी सुटी गया."

मित्रांनो, मी जुना झालो आहे, झिजलोही आहे. अमोलनं सांगितलं आहे की दर उन्हाळ्याआधी मला एकदा दाखवून घ्यावं. तुमच्या घरातली एखादी वस्तू गप्प झाली, तर लगेच तिला टाकू नका. ती कधी चालते, कधी अडते, ते पाहा. जमलं तर ती अडते त्याच वेळी तिच्याजवळ बसा.

परीक्षा संपली. अमळनेरजवळच्या गावी मयुरीच्या आत्याचं लग्न आहे. मयुरीनं आजवर गावाचा रस्ता कधी पाहिला नाही. उन्हाच्या भीतीनं तिला नेहमी रात्रीच नेत. या वेळी तिनं हट्ट धरला आहे, आणि आई-बापानं तो मानला आहे. शुक्रवारी जेवणं उरकून आम्ही दिवसाउजेडी निघणार. कोंडाईबारीचा घाट कसा दिसतो, ते तिला खिडकीतून पाहायचं आहे.